स्पेसबारसाठी अख्खी टॉप केस: महागड्या लॅपटॉपचा अनुभव

स्पेसबारचा डावा कोपरा मेलाय. उजवीकडे जोर लावला तर चालतो, नाहीतर लहर येईल तेव्हा एकदम दोन जागा सोडतो. माझा अंगठा नेमका डावीकडेच पडतो, त्यामुळे हल्ली माझे मेल "मीउद्याकळवतो" अशा थाटात जातात. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने दोन बोटांनी चाचपून निकाल दिला, "टॉप केस, म्हणजे कीबोर्डसकट वरचा अख्खा भाग, बदलावी लागेल. बॅटरी तिलाच चिकटवलेली असते, म्हणजे तीही नवीन येईल." बॅटरी उत्तम चाललीय हो! पण नाही. वॉरंटी संपलेली, आणि त्याने सांगितलेल्या रकमेत थोडी भर घातली तर बऱ्यापैकी साधा लॅपटॉप येतो, चालत्या स्पेसबारसकट.

स्पेक्स तुम्हाला माहीतच आहेत: पातळ, धातूची बॉडी, या वर्गातले बहुतेक सारखेच. आतली गोष्ट मात्र विकताना कोणी सांगत नाही. कीबोर्ड स्क्रूने नाही, बारीक रिव्हेटने वरच्या पत्र्याला ठोकलेला असतो. माझ्या जुन्या प्लास्टिकच्या लॅपटॉपचा कीबोर्ड काही स्क्रू आणि एक रिबन केबल काढली की हातात यायचा. मी तो घरीच बदलला होता. हे दुखणं जुनंच आहे म्हणा. ॲपलने २०१५ मध्ये आणलेला बटरफ्लाय कीबोर्ड (बटणांखाली फुलपाखराच्या पंखांसारखी पातळ क्लिप) धुळीच्या कणाने अडायचा. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला ग्राहकांचा दावा ५ कोटी डॉलरवर मिटला. त्यातून बाकीच्यांनी काय धडा घेतला ते माझ्या स्पेसबारला विचारा.

मग जादा पैसे गेले कुठे? प्रोसेसरमध्ये तर नाहीच. तीच चिप कितीतरी स्वस्त मॉडेलमध्ये मिळते, आणि जाड बॉडीत जागा असल्यामुळे सलग कामात ती कधीकधी जास्त वेळ दम धरते. इथे व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की सुरुवातीला जोर, मग तापमान चढतं आणि प्रोसेसरचा वेग खाली. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही; ३२ जीबी घेतानाच घ्यावी लागली, कंपनी म्हणेल त्या दराने. एलपीडीडीआर, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या रॅमला प्रोसेसरच्या जवळ बसावं लागतं, हे कारण खरं आहे. पण स्क्रूने बसणारी एलपीकॅम२ रॅम २०२४ मध्येच लेनोवोच्या थिंकपॅड पी१ लॅपटॉपमध्ये आली, तेव्हा "शक्यच नाही" हे आता कोणी सांगू नये.

इथपर्यंतचं रागाच्या भरात लिहिलं होतं. मध्ये काही दिवस गेले, आणि दोन गोष्टींनी मत थोडं हललं.

पहिली म्हणजे, तोवर काम अडू नये म्हणून कपाटातला स्वस्त लॅपटॉप काढला. त्याची स्क्रीन २५० निट्सची, म्हणजे मंद, आणि रंग ४५ टक्के एनटीएससी, म्हणजे फिके. लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीजवळ बसलं की स्वतःचाच चेहरा दिसतो. ट्रॅकपॅड वरच्या बाजूला दाबलाच जात नाही. माझ्या नेहमीच्या मशीनचा ट्रॅकपॅड हॅप्टिक आहे, म्हणजे क्लिक कंपनाने जाणवतो; कुठेही दाबा, क्लिक सारखाच. हे दिवसभर हाताखाली नसलं की मग कळतं. संध्याकाळपर्यंत मनगट आणि डोळे दोन्ही बोंबलायला लागले. तेव्हा जादा पैशांतला निम्मा भाग तरी वसूल झाला, असं मी आता मानतो.

दुसरी गोष्ट, एका स्वतंत्र दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने स्पेसबारची कॅप उचलली. खालच्या कात्रीसारख्या क्लिपचा एक पाय मोडला होता, बस. भंगारातल्या कीबोर्डची क्लिप काढून बसवली, ब्रशने धूळ झटकली, पैसे इतके कमी घेतले की मलाच लाज वाटली. टॉप केस, नवीन बॅटरी, "पार्ट मागवावा लागेल" हे सगळं कशासाठी चाललं होतं मग?

म्हणून तारे देताना मी स्क्रीन-ट्रॅकपॅडला पूर्ण आणि दुरुस्तीला शून्य देतोय. पुढच्या वेळी महागडाच घेतला तर ऑफिसवाल्या, म्हणजे बिझनेस मालिकेतला घेईन. लेनोवो आणि डेल त्यांची सर्व्हिस मॅन्युअल उघडपणे देतात; घेण्याआधी त्यात कीबोर्डचं पान काढायचं. कीबोर्ड वेगळा सुटा पार्ट म्हणून दिसला तर पुढे वाचायचं, पामरेस्टसकट (मनगट टेकायच्या पत्र्यासकट) दिसला तर खिडकी बंद. थोडा जाड असेल, असू दे.

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी, असा नियम लागू होतोय. चांगलंच आहे. कीबोर्डबद्दल मात्र त्या नियमात एक अक्षर नाही.