लॅपटॉपची रॅम वाढवून सात महिने झाले, त्याचा अनुभव

लॅपटॉप चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा. वय झालंय, पण कीबोर्ड आणि स्क्रीन ठणठणीत. अडचण रॅमची होती, फक्त ४ जीबी. ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की हार्डडिस्कचा दिवा विझायचाच नाही. एक स्लॉट रिकामा होता, म्हणून ८ जीबीची पट्टी मागवली. रॅमचा प्रकार डीडीआर३, वेग १६०० मेगाहर्ट्झ, लॅपटॉपचा लहान आकार, सगळं जुळत होतं.

बसवली. पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळी. काढून परत बसवली, स्लॉट बदलला, एकटी लावून पाहिली, तरी तेच. पट्टीच खराब निघाली असं धरून परत पाठवणार होतो. पाकिटात भरण्याआधी सहज दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. जुनीवर ‘पीसी३एल-१२८००एस’, नवीवर ‘पीसी३-१२८००एस’. मधला ‘एल’ गायब! तो ‘एल’ म्हणजे १.३५ व्होल्ट. नवी होती १.५ व्होल्टची, आणि माझ्या लॅपटॉपमधला कमी विजेवर चालणारा प्रोसेसर तेवढ्या व्होल्टेजची पट्टी घेतच नाही. खाच तीच, पिनाही दोन्हींना २०४, त्यामुळे बसवताना हाताला काही कळत नाही. त्यापुढच्या प्रकारची, डीडीआर४, चुकून आणली असती तर ती बसलीच नसती, निदान लगेच समजलं असतं. उलट ‘एल’वाली पट्टी १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून डीडीआर३च्या लॅपटॉपसाठी शंका असेल तर तीच घ्यावी.

बदलून आणलेली पट्टी तिरकी धरून आत ढकलली, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्यावर खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ वाजल्या. पहिल्याच वेळी सुरू झाला. रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅम तपासणारी चाचणी चालवली, एकही एरर नाही.

४ आणि ८ अशी विषम जोडी लावू नका असं बरेच जण सांगतात. माझा अनुभव चांगला आहे. सारख्या भागापुरतं, म्हणजे ४ अधिक ४, ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरून वेग वाढतो. उरलेले ४ सिंगलवर चालतात. सात महिन्यांत एकदाही हँग नाही, स्लीपमधून उठताना कुरकुर नाही. विंडोज सुरू व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. तो दोष जुन्या हार्डडिस्कचा, तिथे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्कच हवी.

या प्रोसेसरची मर्यादा १६ जीबी आहे, पण ४ची पट्टी काढून दुसरी ८ची टाकायचा विचार सोडलाय. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वापर ९ जीबीच्या वर क्वचितच जातो.