जुन्या ट्रॅक्टरचा क्लच घरी बदलल्यावर: चिखलणीपासून वीटभट्टीच्या ट्रॉलीपर्यंतचा अनुभव

ट्रॅक्टर जुना, ३५ ते ४० अश्वशक्तीच्या गटातला, सिंगल क्लचचा, ११ इंची प्लेटचा. काम ठाणे जिल्ह्यातलं नेहमीचं: पावसाळ्यात मुरबाडच्या खाचरांत रोटाव्हेटरने चिखलणी, भात कापल्यावर मळणी यंत्र, दिवाळीनंतर वीटभट्टीची ट्रॉली. उन्हाळ्यात कोबा केलेल्या अंगणात खोलून बसवलेला क्लच या तिन्ही कामांतून पार पडला आहे. भरल्या ट्रॉलीला चढणीवर इंजिन नुसतं रेस होत नाही, रिव्हर्स टाकताना गिअर ओरडत नाही, मळणी यंत्रावर लोड आला की पीटीओ (यंत्रं फिरवणारा मागचा शाफ्ट) दबत नाही. नवीन प्लेट पहिल्या आठवड्यात चांगलीच चालते, त्यामुळे तेव्हा लिहिण्यात अर्थ नव्हता.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. क्लच किती टिकेल हे महागड्या प्लेटपेक्षा तिच्या आजूबाजूच्या स्वस्त वस्तूंवर जास्त ठरतं. इंजिनाचं मागचं ऑइल सील, गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं), फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) आणि फोर्कच्या, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या काट्याच्या, शाफ्टचे बुश. ट्रॅक्टर मधून तोडायला, म्हणजे मधोमध दोन भागांत सोडवायला, जी मेहनत लागते ती एकदाच करायची असेल तर या पाचही गोष्टी प्लेटसोबतच बदला. "सील बरं दिसतंय, राहू दे" म्हणणारे पुढच्याच हंगामात पुन्हा ट्रॅक्टर तोडताना दिसतात.

तोडण्याआधी मात्र क्लच खरोखर गेला आहे का ते पाहा. पेडलची मोकळी चाल (क्लच सुटायला लागण्याआधी पेडल रिकामं जातं तेवढं अंतर) संपली असेल तर रिलीज बेअरिंग कायम फिंगरवर, म्हणजे प्रेशर प्लेटच्या बोटांसारख्या लिव्हरवर, टेकून राहतं, प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या प्रेशर प्लेटचा पूर्ण दाब येत नाही आणि नवाकोरा क्लचही स्लिप मारतो. इथे बऱ्याच जणांची समजूत उलटी असते. प्लेट झिजली की पेडल सैल होतं असं वाटतं, पण होतं नेमकं उलट: प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, फिंगर बेअरिंगच्या दिशेला येतात आणि मोकळी चाल कमी होत जाते. पेडल अचानक सैल झालं तर लिंकेजची पिन, क्लेव्हिस किंवा फोर्कचा बुश बघायचा, प्लेट नाही. आधी चाल २० ते २५ मिलिमीटरवर आणून बघा (आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा). तरीही स्लिप गेली नाही तर खालचं तपासणीचं झाकण काढून टॉर्चने आत पाहा. हाउसिंगच्या तळाशी काळं पातळ तेल असेल तर इंजिनाचं सील गेलं, दाट आणि उग्र वासाचं असेल तर गिअर बॉक्सचं. कोरडी काळी भुकटी आणि जळकट वास असेल तर प्लेट संपली.

सेट घेताना जुनी प्लेट हातात घेऊनच दुकानात जावं. बाहेरचा व्यास, स्प्लाइनची (मधल्या भोकातल्या दातांची) संख्या आणि हबची (प्लेटच्या मधल्या तुंब्याची) उंची या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. नुसतं मॉडेलचं नाव सांगून चालत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक बदल झालेले असतात. रिलाइन केलेली, म्हणजे जुन्यावर नवं लायनिंग चढवलेली, प्लेट स्वस्त मिळते, पण घेऊ नये. हब आणि डँपर स्प्रिंग जुन्याच असतात, लायनिंगची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि गाडी सोडताना थरथरते. सिरॅमिक बटणवाल्या प्लेटबद्दल खूप विचारणा होते. ती उष्णता जास्त सोसते, हे खरं. पण ती एकदम पकडते, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट लवकर घासते, आणि ट्रॉली लावताना इंच-इंच मागे घ्यायचं असेल तर धक्के देते. चिखलणी, मळणी आणि ट्रॉली असं मिश्र काम असेल तर साधं ऑरगॅनिक लायनिंगच बरं, असं हंगाम काढल्यावर ठाम मत आहे.

आता खोलण्याबद्दल. या गटातल्या बहुतेक ट्रॅक्टरना वेगळी चेसिस नसते. इंजिन आणि हाउसिंग हाच कणा. म्हणजे मधले बोल्ट सुटले की दोन्ही भाग आपापल्या वजनाने कलायला मोकळे. सगळ्यात धोक्याची जागा पुढचा ॲक्सल. तो मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे सुटलेलं इंजिन कधीही एका बाजूला कोसळू शकतं. ॲक्सल आणि त्याच्या वरच्या ब्रॅकेटच्या मध्ये दोन्ही बाजूंनी कडक लाकडाच्या पाचरी घट्ट ठोकून झाल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. पाचर हातोडीच्या ठोक्याला बद्द आवाज देईपर्यंत आत गेली पाहिजे, हाताने हलवून बघायची. मागची चाकं दोन्हीकडून गुटक्यांनी अडवायची, क्लच हाउसिंगखाली पक्की लोखंडी घोडी, इंजिनाच्या चेंबरखाली फळी ठेवून चाकांचा जॅक. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर कुणीही खाली हात घालू नये. मातीच्या अंगणात हे काम करूच नये, घोडी एका पायाने रुतते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिली काढायची. मग बॉनेट, डिझेलची नळी, ॲक्सिलरेटरचा रॉड, मीटरची केबल, स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक, हायड्रॉलिकची नळी पुढे जात असेल तर ती, आणि सेल्फ (स्टार्टर). वायरींना रंगीत टेपने खुणा करा, फोटो काढा. हाउसिंगचे बोल्ट लांब-आखूड असतात; पुठ्ठ्यावर हाउसिंगचं चित्र काढून ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी खोचून ठेवला की परत बसवताना घोळ होत नाही. दोन बोल्ट काढून त्या जागी डोकं कापलेले साधारण १५० मिलिमीटरचे स्टड बसवा. यांच्यावरच पुढचा भाग सरळ रेषेत सरकतो. पहार घालायची तर डॉवेल पिनच्या जवळ, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी. मिळणीच्या तोंडावर पहारेचे घाव पडले की तिथून पाणी आत जातं, आणि चिखलणीत पाणी आत जाणं म्हणजे काय हे भातवाल्यांना सांगायला नको. हात-दीड हात अंतर पडलं की पुरे.

जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरची हवा मारून भुकटी उडवायची सवय गॅरेजमध्ये सर्रास आहे, ती मोडायला हवी. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला चांगला मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे किंवा नखाला लागणारे चर असतील तर लेथवर फेस मारून घ्यायचा. हे काम घरी होत नाही, ग्राइंडरने तर मुळीच करू नका. लेथवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. ज्या फ्लायव्हीलला खोलगट कडा आहे, म्हणजे प्लेट बसते तो पृष्ठभाग आत आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात ती कडा वर, तिथे आतला फेस जितका कापला तितकीच कडाही कापली पाहिजे. आतलाच कापला तर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो, फिंगरची उंची बदलते आणि नवा सेट बसवूनही क्लच स्लिप मारतो. मग दोष प्लेट बनवणाऱ्याला दिला जातो. डेप्थ गेजने कापण्याआधी आणि नंतर खोली मोजा, फरक शून्य आला पाहिजे.

पायलट बेअरिंग काढायला पुलर नसेल तर मधल्या पोकळीत ग्रीस ठासून भरा, बेअरिंगच्या भोकात घट्ट बसणारा गोल गज घालून हातोडी मारा. ग्रीसच्या दाबाने बेअरिंग बाहेर येतं. नवीन घेताना जुन्यावरचा नंबर वाचून तोच घ्या, शक्यतो शेवटी २ आरएस लिहिलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलं. रिलीज बेअरिंग सीलबंद असेल तर ते डिझेलमध्ये धुवायचं नाही, आतलं ग्रीस विरघळून निघून जातं.

प्लेटची दिशा चुकवू नका. बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोरलेली असते. नसेल तर हबचा लांब भाग साधारणपणे गिअर बॉक्सकडे येतो. खात्री करायला बोल्ट न लावता प्लेट फ्लायव्हीलवर टेकवून फिरवा, डँपर किंवा हब कुठे घासता कामा नये. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो पेट्रोलने किंवा थिनरने पूर्ण पुसा. हाताला ग्रीस असताना लायनिंगला स्पर्श करू नका. स्प्लाइनला ग्रीस बोटाने फासून पुन्हा फडक्याने पुसलं की जेवढं उरतं तेवढंच पुरे. जास्तीचं फिरताना थेट लायनिंगवर उडतं.

मधोमध धरायला डमी शाफ्ट लागतो. जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर लेथवर लाकडाचा करून घ्यावा. डमी आत असतानाच प्रेशर प्लेटचे बोल्ट आमनेसामने, अर्धा-अर्धा फेरा असे आवळायचे. ८ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन मीटर, १० च्याला ४५ ते ५० पुरतं. मग तिन्ही फिंगरची उंची व्हर्नियरने मोजा. एकमेकांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर प्लेट तिरकी सुटते, आणि गाडी सोडताना जी थरथर येते तिचं कारण बहुतेकदा हेच. नवा सेट कारखान्यातून लावून आलेला असतो, त्याचे नट उगाच फिरवू नका. पण मोजल्याशिवाय बंदही करू नका.

भाग परत जोडताना सगळ्यात जास्त नुकसान एकाच चुकीने होतं. शाफ्ट स्प्लाइनमध्ये गेलेला नसतो, बोटभर फट राहते, आणि लोक बोल्ट आवळून ती फट ओढून घेतात. प्लेटचा हब वाकतो किंवा हाउसिंगचा कान तुटतो. फट राहिली तर थांबा, रिंग गिअरला पहार लावून इंजिन किंचित फिरवा किंवा गिअर न्यूट्रलला ठेवून, पीटीओ जोडून मागून त्याचा शाफ्ट फिरवा. दात जुळले की भाग हाताच्या जोराने सरकून तोंडाला तोंड लागतं. तोपर्यंत बोल्टला पाना लावायचा नाही.

वापरात काय दिसलं ते आता. पहिल्या काही तासांच्या कामात मोकळी चाल लक्षात येण्यासारखी कमी झाली. लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांवर बसत असतात, त्यामुळे हे अपेक्षितच. त्या काळात हलकी कामंच घ्यावीत, थेट चिखलात उतरवू नये. एकदा चाल पुन्हा लावल्यावर मात्र ती स्थिरावली. दर ५० तासांनी बघितलं की पुरतं. सुरुवातीचा नव्या लायनिंगचा वास जातो. गिअरची परीक्षा सोपी आहे: इंजिन मंद, पेडल पूर्ण खाली, पाच आकडे मोजून रिव्हर्स. आवाज न करता पडतो आहे.

चिखलणीत सिंगल क्लचची मर्यादा जाणवतेच. बांधाजवळ वळताना पेडल दाबलं की रोटाव्हेटरही थांबतो, आणि तो फिरता ठेवण्यासाठी हाफ क्लचवर खेळायचा मोह होतो. प्लेट तिथेच जळते. वळणाआधी रोटाव्हेटर उचला, पेडल पूर्ण दाबा, पूर्ण सोडा. ड्युअल क्लच असेल तर अर्ध्या पेडलवर गाडी थांबून पीटीओ चालू राहतो, तो प्रश्न येत नाही. पण तिथे पीटीओच्या प्लेटची फटही वेगळी लावावी लागते, ते काम आणखी किचकट. ट्रॉलीचं तेच: चढणीवर भरली ट्रॉली ब्रेकवर धरा, क्लचवर नाही.

एक गोष्ट समाधानकारक नाही. फोर्कच्या जागेवरचं रबरी आवरण बाजारात पातळ मिळतं आणि चिखलणी संपेपर्यंत त्याला चीर पडली होती. आतून पाहिलं तेव्हा तळाला थोडा गाळ होता, सुदैवाने प्लेट कोरडी होती. जाड रबराचं आवरण मिळत नसेल तर दोन पातळ एकावर एक बसवून वर क्लिप लावणं चालतं. हाउसिंगच्या तळाचं भोक चिखलणीनंतर तारेने मोकळं करा. ज्या मॉडेलला तिथे बूच दिलेलं आहे, ते फक्त पाण्यातल्या कामापुरतं लावून नंतर काढायचं, नाहीतर गळलेलं तेल आतच साठतं.

आवण (भाताची रोपं) लावून झाल्यावर भात कापणीपर्यंत ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. त्या काळात पेडल पूर्ण दाबून सीटच्या पट्टीला टेकणारा लाकडी टेकू लावून ठेवला. मळणीच्या वेळी टेकू काढल्यावर क्लच पहिल्याच दाबाला सुटला. टेकूला मोठी लाल चिंधी बांधलेली असावी, म्हणजे घरातलं दुसरं कुणी चावी फिरवायच्या आधी ती नजरेला पडते.