जुन्या विटांच्या भिंतीच्या दरजा: चुन्याने भराव्यात की सिमेंटने?

सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर आहे. रस्त्याकडच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, वडिलांनी सिमेंटने भरून घेतल्या होत्या, परसाकडची भिंत मूळच्या चुन्यातच राहिली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा दोन्ही सारख्याच बुडाल्या. परसाकडची पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खडखडीत वाळली. रस्त्याकडच्या भिंतीला अजून लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. रोज झाडताना जोत्याशी लाल भुगा सापडतो. सिमेंटच्या रेघा जागच्या जागी आहेत, मधल्या विटा मात्र बोटाच्या पेरभर आत गेल्यात.

जुनी वीट मऊ असते, पाणी पिते. चुना तिच्याहूनही मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे ओल दरजेतून निघून जाते आणि क्षारही तिथेच साठतात. झिजली तर दरज झिजते, ती पुन्हा भरता येते. सिमेंट ही वाट बुजवतं. मग ओल विटेतून बाहेर पडते, क्षार विटेच्या कातडीखाली साठून घट्ट होतात आणि पापुद्रे उडवतात. गेलेली वीट कशानेच भरून येत नाही.

सिमेंटचं काम झटपट होतं, कुठलाही गवंडी करतो, खर्चही कमी. घर मुळात सिमेंटमध्ये बांधलेलं असेल तर बिनदिक्कत सिमेंटच वापरा. ओळखायला दरज किल्लीने खरवडा. पांढरट भुकटी सहज पडली तर चुना, नुसता ओरखडा उठला तर सिमेंट. मातीत रचलेल्या भिंतीलाही बाहेरून चुनाच लावावा.

चुन्याला मात्र वेळ द्यावा लागतो आणि हात बसलेला गवंडी शोधावा लागतो. विझवलेला चुना निदान पंधरा दिवस मुरवायचा, मग एक भाग चुन्याला तीन भाग वाळू. वाळूत थोडी विटकरीची भुकटी घातली तर ओलसर भिंतीतही चुना चांगला धरतो. जुना माल छिन्नीने इंचभर खोल काढायचा. इथे गवंडी ग्राइंडर काढतात, तो लावू देऊ नका. विटांच्या कडा एकदा कापल्या गेल्या की दरज कायमची रुंद होते. भरण्याआधी भिंत भिजवायची, भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट टांगायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो, भर उन्हात सुकला तर भुसभुशीत राहतो. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं.

सबंध भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा वॉटरप्रूफ रंग हा तिसरा पर्याय सगळेच सुचवतात. जुन्या भिंतीला मी तो करणार नाही. वरून चकाचक दिसतं, ओल आत कोंडते. त्यापेक्षा फुटलेली पन्हळ बदला, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब काढा. निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

आधीच सिमेंट भरलेलं असेल तर सरसकट उपटू नका, घट्ट बसलेलं सिमेंट विटेचा कोपरा घेऊनच निघतं. आम्ही या दिवाळीनंतर सुटलेल्या दरजाच काढून चुन्याने भरणार आहोत. बारा विटा फारच झिजल्यात, त्या अलगद काढून उलट्या फिरवून बसवायच्या आहेत. काढून पाहिलेल्या एका विटेची आतली बाजू अजून नव्यासारखी लाल आहे.