मातीची सुधारित चूल की पत्र्याची रॉकेट चूल?

ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यांवर सिलिंडर आहे, पण तो संपला की पुन्हा चूलच. मग ती निदान कमी लाकूड खाणारी तरी असावी.

वैल (म्हणजे चुलीचे दुसरे, मागचे तोंड) आणि धुराडे असलेली मातीची चूल जवळपास फुकटात होते. माती, तूस, शेण घरचेच. विकत घ्यायचा तो धुराड्याचा पाइप. पुढे भात, वैलावर डाळ, म्हणजे एकाच जाळात दोन भांडी. धूर घराबाहेर जातो, हा तिचा सर्वांत मोठा गुण. पण धुराडे महिना-दोन महिन्यांनी झाडले नाही, तर काजळीने तुंबते आणि धूर पुन्हा डोळ्यांत. १९८० च्या दशकात सरकारने अशा चुली देशभर वाटल्या. कितीतरी याच हेळसांडीने मोडल्या.

रॉकेट चुलीचा आतला मार्ग इंग्रजी 'एल'सारखा. आडव्या तोंडातून काटक्या, उभ्या नळीत ज्वाला. नळीभोवती राख भरली की उष्णता आतच राहते आणि धूरही बराचसा जळून जातो. जाळ झटकन लागतो, चूल उचलून पडवीत नेता येते. ठाण्यातल्या कोपरीचा वेल्डरही ती बनवून देईल. अडचण अशी की काटक्या बारीक आणि कोरड्या हव्यात, आणि त्या सतत सरकवत बसावे लागते. ठाण्याच्या जुलैत कोरडे काय मिळणार? शिवाय निखारे कमी, म्हणून तांदळाची भाकरी नीट शेकत नाही.

घरात स्वयंपाक असेल तर मी मातीचीच घालीन. आंघोळीचे पाणी तापवायला मात्र रॉकेटच.