भाज्यांचा टोमॅटो पास्ता सॉस: स्लो कुकर, शिट्टीचा कुकर की कढई?

स्लो कुकर (मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं झाकणबंद भांडं) घ्यावा का, असं विचारणारी बरीच मंडळी एकाच पदार्थाचं नाव पुढे करतात: भरपूर भाज्या घातलेला टोमॅटोचा पास्ता सॉस. मुलं पानातली भाजी बाजूला सारतात, पण सॉसमध्ये वाटून घातलेली निमूट खातात. रविवारी एकदाच भरपूर करून फ्रीझरमध्ये टाकला की आठवडाभर घोर नाही. हेतू उत्तम आहे. पण त्यासाठी ओट्यावर आणखी एक यंत्र हवंच का, की घरातला शिट्टीचा कुकर नाहीतर जाड बुडाची कढई पुरे?

माझं मत आधीच सांगून टाकते. भारतात राहणाऱ्या चौघांच्या घराने या एका सॉससाठी स्लो कुकर घेऊ नये. परदेशात असाल, घरातले सगळे सकाळीच बाहेर पडत असतील आणि एका वेळी तीन-चार किलोचा घाट घालायचा असेल, तर जरूर घ्या.

मुख्य भांडण पाण्याचं आहे. टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कढईत ते वाफ होऊन निघून जातं आणि सॉस आटतो. स्लो कुकरमध्ये तीच वाफ झाकणाला लागून थेंब थेंब परत भांड्यात पडते. आठ तासांनी झाकण उघडलं की भाज्या मऊ झालेल्या असतात, पण वर सूप तरंगत असतं. यात यंत्राचा दोष नाही, ते त्याचसाठी बनलंय. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं. त्याला ही कल्पना आईच्या आठवणींतून सुचली: शुक्रवारी संध्याकाळी बेकरीच्या भट्टीत ठेवायचा आणि शनिवारी काढायचा तो ज्यू लोकांचा घेवडा-मांसाचा रस्सा, चोलंट. रात्रभर शिजूनही कोरडा पडू नये, हीच तिथली गरज होती. आपल्याला सॉससाठी नेमकं उलटं हवंय.

मग अमेरिकेतल्या पाककृती जमतात कशा? त्या डब्यातल्या सोललेल्या, कुस्करलेल्या टोमॅटोवर आणि वर घातलेल्या टोमॅटो पेस्टवर उभ्या असतात. पेस्ट म्हणजे आटवण्याचं काम कारखान्यात आधीच झालेलं. न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीने पाठवलेली पाककृती पुण्यात मंडईतले दोन किलो ताजे टोमॅटो घेऊन केली की पातळ होणारच. ताजेच वापरायचे असतील तर लांबट, गरदार हायब्रिड टोमॅटो घ्या. गावठी गोल टोमॅटो चवीला आंबट-छान, पण रसाळ, त्यामुळे ते कढईतच शोभतात.

दुसरी गोम कांद्याची. कांदा, गाजर यांना कडक ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर विरघळत नाही. चिंच-कोकम घातल्यावर भाजी शिजायला वेळ लागतो हे आपल्याकडे ठाऊक असतंच, इथेही तोच न्याय. स्लो कुकरचं तापमान उकळीच्या जरा खालीच राहतं. त्यावरच्या ‘लो’ (मंद) आणि ‘हाय’ (जास्त) या बटणांत फरक असतो तो मुख्यतः तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळाचा. अशा बेताच्या उष्णतेत, वर टोमॅटोचा आंबटपणा, म्हणजे कच्चा घातलेला कांदा संध्याकाळीही दाताखाली कचकचतो. उपाय सोपा आहे. कांदा, गाजर आणि मिळाली तर सेलरी ऑलिव्ह तेलात मंद आचेवर चांगली मऊ करून घ्यायची (इटालियन स्वयंपाकाचा पायाच तो) आणि मग कुकरमध्ये ढकलायची. पण मग ‘सकाळी सगळं टाका आणि निघून जा’ या जाहिरातीत काय उरलं? सकाळी साडेसातला गॅसपाशी उभं राहायचंच, आणि वर घासायला एक कढई.

शिट्टीच्या कुकरला ही अडचण नाही. पूर्ण दाबाखाली आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, त्यामुळे आंबट असो नसो, गाजर-भोपळा तीन-चार शिट्ट्यांत लोण्यासारखा होतो. याचा धोका वेगळा: घट्ट टोमॅटो तळाला लागतो. म्हणून थर महत्त्वाचे. तळाला तेलात परतलेला कांदा-लसूण आणि अर्धी वाटी पाणी, त्यावर भाज्यांचे तुकडे, सगळ्यात वर टोमॅटो, आणि ढवळायचं नाही. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरायचं नाही. कुकर स्टीलचा किंवा हार्ड अ‍ॅनोडाइज्ड असावा. साध्या अ‍ॅल्युमिनियममध्ये आंबट पदार्थाला धातूची चव लागू शकते. तसा कुकर असेल तर आत स्टीलचा डबा ठेवून शिजवा.

वाफ गेली की वाटायचं. गरम सॉस मिक्सरच्या बंद भांड्यात घालू नका, वाफेने झाकण उडतं. हँड ब्लेंडर चालवा किंवा निवू द्या. वाटल्यावर रंग पाहून जीव खट्टू होतो, लालऐवजी फिकट नारिंगी दिसतो. ती ब्लेंडरने आत कोंबलेली हवा. उघड्या भांड्यात वीसेक मिनिटं रटरटू दिला की हवा जाते, लाली परत येते आणि पाणीही आटतं. सगळं धरून एक तास. त्यात आपण उभं राहायचं ते अर्धा तास.

चवीत मात्र कढईच पहिली, आणि अंतर थोडंथोडकं नाही. रुंद तोंड, जाड बूड, मध्यम आच. कडेला सॉसची एक गडद चिकट रेघ धरते, ती उलथन्याने खरवडून परत आत घ्यायची. पुन्हा धरते, पुन्हा घ्यायची. सॉसचा गोडवा तिथे तयार होतो. बंद आणि ओल्या भांड्यात खरपूसपणा येत नाही, त्याला उकळत्या पाण्यापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. कडेने तेल सुटलं की झालं, ही खूण रश्शाइतकीच इथेही चालते. कढई स्टीलची घ्या. लोखंडीत टोमॅटो काळवंडतो. तोटा एकच, तास-सव्वातास स्वयंपाकघर सोडता येत नाही, आणि टाइल्सवर लाल शिंतोडे.

भाज्यांवरूनही निवड बदलते. लाल भोपळा आणि गाजर कशातही घाला. भोपळा तर सॉसला आपोआप दाटपणा देतो, म्हणून स्लो कुकरवाल्यांनी तो सोडूच नये. दुधी, झुकिनी, मशरूम पाणी सोडतात, ते कढईकडे. हिरवी ढोबळी मिरची तासन्‌तास शिजली की कडवटते, तेव्हा स्लो कुकरमध्ये लाल वापरा. पालक कशातही अगदी शेवटी. बीट बोटभर तुकड्यापुढे नको, मुलं लगेच ओळखतात. मूठभर मसूर डाळ घातली तर दाटपणा आणि प्रथिनं दोन्ही मिळतात. कच्चा राजमा मात्र स्लो कुकरमध्ये थेट कधीही टाकू नका. त्यातला विषारी घटक त्या मंद आचेवर नष्ट होत नाही. भिजवून, पाणी फेकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळलेलाच घ्यावा.

विजेचं बिल हा मोठा मुद्दा नाही. मोठा स्लो कुकर साधारण २०० ते ३०० वॅट खातो, आठ तासांना दीड ते अडीच युनिटं. मुद्दा आहे भारनियमनाचा. तुम्ही कचेरीत असताना दोन-तीन तास वीज गेली तर भांडं कोमट होऊन बसतं, आणि कोमटात जंतू मजेत वाढतात. बटण फिरवायच्या मॉडेलात वीज आली की शिजणं पुन्हा सुरू होतं, त्यामुळे संध्याकाळी मधला खंड कळतही नाही. डिजिटलमधली बरीच बंदच राहतात. त्यातल्या त्यात ते बरं, निदान कळतं तरी. अमेरिकेहून कोणी प्रेमाने आणतंय म्हणालं तर नको म्हणा. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. शेजारी ट्रान्सफॉर्मर ठेवून सॉस करण्यात काय मजा!

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घरी असेल तर त्यातलं ‘स्लो कुक’ बटण विसरा. त्यात उष्णता खालूनच मिळते, स्लो कुकरसारखी चहूबाजूंनी नाही. तो प्रेशरवरच वापरा.

आणि स्लो कुकर आधीच घरात आला असेल तर? परतलेला कांदा-गाजर, बारीक चिरलेला भोपळा, दीड किलो टोमॅटो आणि तीन-चार चमचे टोमॅटो पेस्ट, पाण्याचा थेंबही नाही. सुकं ओरेगॅनो सुरुवातीला, ताजी बेझिल शेवटी. मधे झाकण उचलून डोकावू नका, दर वेळी गेलेली उष्णता भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेवटचा तासभर ‘हाय’वर, झाकणाखाली लाकडी चमचा आडवा ठेवून फट ठेवा. तरी पातळ वाटला तर कढईत ओतून दहा मिनिटं आटवा. मीठ आटल्यावरच घाला, आधी बेताचं वाटलेलं मीठ नंतर खारट लागतं. फ्रीझरमध्ये ठेवताना डब्यात वर बोटभर जागा सोडा, गोठताना सॉस फुगतो. तीन महिने आरामात टिकतो.