आतल्या सर्व्हिसेससाठी जीआरपीसी: काही महिने प्रॉडक्शनमध्ये वापरल्यावर

आमच्या ऑर्डर, पेमेंट, स्टॉक वगैरे सर्व्हिसेस आधी एकमेकींशी रेस्ट (साध्या एचटीटीपी विनंत्या) आणि जेसनमध्ये (मजकूर स्वरूपातला डेटा) बोलायच्या. आता हा सगळा आतला व्यवहार जीआरपीसीवर आहे, म्हणजे एका सर्व्हिसने दुसरीचं फंक्शन नेटवर्कवरून बोलवायच्या पद्धतीवर. बहुतेक टीम्स जीआरपीसीकडे वेगासाठी वळतात. वेग मिळतो, पण आमच्याकडे खरा वेळ खातो तो डेटाबेस. जेसन पार्सिंगमध्ये वाचलेलं युजरला जाणवतसुद्धा नाही. मला हे प्रकरण आवडलं ते प्रोटो फाइलमुळे (मेसेजमध्ये कोणती फील्ड्स असतील हे ठरवणारी फाइल) आणि डेडलाइनमुळे (कॉलला दिलेली वेळेची मर्यादा).

आधी प्रोटो फाइल. नेटवर्कवरून फील्डचं नाव जातच नाही, जातो तो फक्त नंबर. समजा, पेमेंटच्या मेसेजमध्ये ५ नंबरवर सवलतीची रक्कम होती आणि ते फील्ड काढून टाकलं. पुढे कुणीतरी ५ मोकळा दिसतोय म्हणून तो डिलिव्हरी चार्जला दिला. दोन्हींचा टाइप एकच असेल, तर जुन्या कोडवर चालणारी सर्व्हिस डिलिव्हरी चार्ज सवलत म्हणून वाचेल. एरर येणार नाही, लॉगमध्ये काही दिसणार नाही, पैसे मात्र चुकतील. म्हणून काढलेला नंबर 'रिझर्व्ह्ड' लिहून कायमचा बंद करायचा. आम्ही सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) 'बफ' या प्रोटोच्या टूलची ब्रेकिंग चेंज तपासणी लावली आहे. जुन्या क्लायंटला मोडणारा बदल आला की पीआर (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) तिथेच अडतो. पूर्वी हीच भांडणं डिप्लॉय झाल्यावर व्हायची. आता ती प्रोटो फाइलच्या रिव्ह्यूमध्ये होतात, कोड लिहिण्याआधी, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रोटो ३ मध्ये, म्हणजे प्रोटो फाइलच्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत, एक गोष्ट सांभाळा. साध्या इंटिजर फील्डमध्ये शून्य असेल तर ते पाठवलंच जात नाही. मग स्टॉक शून्य आहे की कुणी भरलाच नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. जिथे हा फरक महत्त्वाचा, तिथे 'ऑप्शनल' लिहायचं.

डेडलाइनचं मोल तर लोड वाढल्यावरच कळतं. रेस्टमध्ये आमच्या प्रत्येक सर्व्हिसचा टाइमआउट वेगळा होता. युजर कंटाळून निघून गेला तरी खाली तीन सर्व्हिसेस त्याच्यासाठी राबत असायच्या. आता ऑर्डर सर्व्हिसने २ सेकंद दिले आणि त्यातले दीड सेकंद वर संपले, तर स्टॉकच्या हाती उरलेला अर्धाच सेकंद येतो. गो भाषेत तोच कॉन्टेक्स्ट (डेडलाइन सोबत नेणारा ऑब्जेक्ट) पुढे दिला की हे आपोआप होतं. डेटाबेसच्या क्वेरीलाही तो दिला, तर वेळ संपल्यावर क्वेरीसुद्धा रद्द होते. फक्त एक लक्षात ठेवा: डेडलाइन आपण लावली नाही तर ती नसतेच, क्लायंट कितीही वेळ थांबून राहतो. त्यामुळे डेडलाइनशिवाय कॉल असेल तर आमच्याकडे पीआर मंजूर होत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कुबरनेटीसमधल्या (सर्व्हिसेस चालवणारी यंत्रणा) लोड बॅलन्सिंगने, म्हणजे कामाच्या वाटणीने. ग्राफवर एक पॉड (सर्व्हिसची एक चालू प्रत) सीपीयूने धापा टाकतोय आणि शेजारचे निवांत, असं चित्र दिसायचं. नवे पॉड वाढवले तरी तेही रिकामेच. कारण असं की जीआरपीसी एचटीटीपी/२ वर चालतं आणि एकच कनेक्शन उघडं ठेवून सगळे कॉल्स त्यातूनच पाठवतं. कुबरनेटीसची साधी सर्व्हिस मात्र वाटणी करते कनेक्शन जोडलं जाताना, प्रत्येक कॉलला नाही. आम्ही हेडलेस सर्व्हिस केली (डीएनएस प्रत्येक पॉडचा पत्ता थेट देतो), क्लायंटमध्ये राउंड रॉबिन (आळीपाळीने वाटणी) लावलं आणि सर्व्हरवर कनेक्शनचं कमाल वय ठरवून दिलं. त्यामुळे जुनी कनेक्शन्स ठरावीक काळाने बंद होतात, क्लायंट पुन्हा डीएनएसला विचारतो आणि नव्या पॉड्सना काम मिळतं. लिंकरडी किंवा एन्व्हॉयसारखा प्रॉक्सी आधीच असेल तर हे काम तिकडे सोपवता येतं.

डीबगिंगला सवय लागते. नुसत्या कर्लने (कमांड लाइनवरून एचटीटीपी विनंती पाठवणारं टूल) भागत नाही. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये रिफ्लेक्शन (सर्व्हर आपले मेथड्स स्वतः सांगतो) चालू ठेवून जीआरपीसीकर्ल, म्हणजे कर्लसारखंच जीआरपीसीचं टूल, वापरायचं. येणाऱ्या मेसेजची डिफॉल्ट मर्यादा ४ एमबी आहे. मोठ्या रिपोर्टसाठी ती वाढवत बसण्यापेक्षा स्ट्रीमिंग (तुकड्यातुकड्याने पाठवणं) बरं.

बाहेरच्या पार्टनर्सना आम्ही अजूनही रेस्टच देतो, मध्ये रेस्टचं जीआरपीसीत रूपांतर करणारा गेटवे ठेवून. ब्राउझरमधून थेट जीआरपीसी चालत नाही, आणि लहान पार्टनरवर प्रोटोची टूलिंग लादणं मला पटत नाही. गेटवेमधून ६४ बिटचा इंटिजर जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणून बाहेर पडतो, कारण जावास्क्रिप्टला एवढा मोठा आकडा अचूक धरता येत नाही. हे पार्टनरच्या डॉक्युमेंटमध्ये पहिल्याच पानावर लिहा.