अकरा इंची लेदरचा बेसबॉल ग्लोव्ह: उन्हाळा, पावसाळा आणि थंडीत वापरून झाल्यावर

ग्लोव्ह घेतला शाळेला सुट्ट्या लागायच्या सुमारास, आणि आता संक्रांत उलटून गेली. मधल्या काळात इंदूरचा उन्हाळा, मालव्याचा पावसाळा आणि सकाळी बोटं आखडवणारी थंडी, सगळं त्याच्यावरून गेलंय. म्हणून आता लिहायला हरकत नाही. पार्सल फोडल्या फोडल्या लिहिलेल्या रिव्ह्यूमध्ये ‘माल चांगला, डिलिव्हरी वेळेवर’ याच्या पुढे काही नसतं, आणि लेदरचा ग्लोव्ह तोपर्यंत धड मिटतसुद्धा नाही.

घेतला पुतणीसाठी. ती अकरा वर्षांची. राजेंद्र नगरच्या बाजूला आम्ही दोघंतिघं रविवारी सकाळी पोरांना बेसबॉल शिकवतो. माझं भांडवल म्हणजे कॉलेजात खेळलेलं सॉफ्टबॉल, बाकी बघून आणि वाचून. मुलं झाडून सगळी क्रिकेटमधली. इथे दुसरीकडून येणार कुठून? इंदूरच्या ज्या होळकर संघातून सी. के. नायडू आणि मुश्ताक अली खेळले, ज्याने चार वेळा रणजी जिंकली, त्या गावात पोरगं चालायला लागलं की हातात बॅटच येते.

सगळ्यात आधी मापाबद्दल, कारण अर्धे पैसे तिथेच वाया जातात. ग्लोव्हचं माप तर्जनीच्या टोकापासून पॉकेटमधून (बॉल बसायचा खळगा) खाली मनगटाकडच्या कडेपर्यंत धरतात. मोठी माणसं इनफिल्डला, म्हणजे बेसजवळ, साधारण 11 ते 11.75 इंची वापरतात, आउटफिल्डला, म्हणजे लांब मागे, 12 ते 12.75. या वयाच्या मुलांना साडेदहा ते साडेअकरा पुरे. आम्ही 11 इंची घेतला. आमच्याकडच्या दोन पालकांनी मात्र शाळेचा गणवेश घेतात तसा वाढत्या अंगाचा, साडेबारा इंची आणला. तो पोरांच्या मनगटावर फिरतो. बॉल येतो, वेबमध्ये (अंगठा आणि तर्जनीमधली जाळी) जाऊन बसतो, आणि मग पोरगं आत हात घालून तो शोधत बसतं, तोवर रनर फर्स्टवर, म्हणजे पळण्याच्या पहिल्या टप्प्यावर, उभा. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसवाले (दुसऱ्या बेसच्या दोन बाजूंना उभे राहणारे) प्रोफेशनल खेळाडूसुद्धा लहान ग्लोव्ह घेतात ते याचसाठी. पॉकेट उथळ असलं की झेललेला बॉल लगेच फेकणाऱ्या हातात येतो. पुतणीचं हे आता इतकं सफाईने होतं की बघत राहावं. ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचा बॉल आला, ग्लोव्ह जमिनीला टेकला, उजवा हात वरून झाकणासारखा आला आणि बॉल निघालासुद्धा.

दुसरा घोळ हाताचा. खोक्यावर ‘राइट हँड थ्रो’ लिहिलेलं असतं, म्हणजे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा आणि उजव्याने फेकायचं. आमच्यातल्या एका डावखुऱ्या मुलीला ऑनलाइन विक्रेत्याने दोनदा उलट्या हाताचा पाठवला, फोनवर वर आम्हालाच समजावलं. डावखुऱ्यांचा माल तसाही कमी बनतो. तिचा आल्यावर तिला फर्स्ट बेसला उभं केलं. तिथे डावा हात फायद्याचाच.

लेदर घ्यावं की रेक्झिन? रेक्झिनचा निम्म्या किमतीत येतो, पहिल्या दिवसापासून मऊ असतो, आणि सहा महिन्यांनीही तसाच मऊ असतो. त्याला आकार येत नाही. लेदरचा सुरुवातीला पुठ्ठ्यासारखा, उघड-मीट करताना पोरीचा हात दुखायचा. रोज जिन्याखाली भिंतीवर बॉल मारून झेलायचा, रात्री पॉकेटमध्ये बॉल ठेवून जुन्या ओढणीने करकचून बांधायचा, असं चाललं. पाऊस लागेपर्यंत तो तिच्या हाताचा झाला, इतका की माझ्या हाताला आता नीट बसत नाही. इंटरनेटवर कुणी ओव्हनमध्ये ठेवायला सांगतं, कुणी गरम पाण्यात बुडवायला. दोन्ही करू नका, लेदर कोरडं पडून तडकतं. आणि क्रिकेटवाल्या घरात बॅटीसाठी अळशीच्या तेलाची बाटली हमखास असते, तीही लांब ठेवा. ते तेल वाळून कडक होतं. लाकडाला ठीक, इथे उपयोग नाही. लेदर कंडिशनर फडक्यावर थोडासा घेऊन महिन्या-दीड महिन्याने पुसलं की झालं. जास्त लावलं की ग्लोव्ह जड होतो.

जाता जाता: आईने ग्लोव्ह हातात न घेताच विचारलं, “कातडं कशाचं रे?” मी सांगितलं. तेव्हापासून त्याची जागा गॅलरीत, चपलांच्या स्टँडवरच्या खुंटीवर. ज्यांच्या घरी हा प्रश्न येणार असेल त्यांनी आधीच ठरवून ठेवा. रेक्झिनच्या बाजूने हा एकच खरा मुद्दा आहे.

पावसाळ्यात गॅलरी बाधली. ऑगस्टमध्ये बोटांच्या खाचांत पांढरट बुरशी आली. कोरड्या फडक्याने पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवला, गेली. मैदानातली काळी माती मात्र खरी वैरी. ओली असताना शिवणीत शिरते आणि वाळली की सिमेंट. जुन्या टूथब्रशने तेव्हाच्या तेव्हा काढायची. उन्हात वाळत टाकायचा नाही.

दिवाळीनंतर वेबची लेस तुटली. ही या ग्लोव्हची खरी तक्रार. लेदर उत्तम आणि लेस भिकार, किंमत तिथे मारलेली दिसते. कंपनीने ‘वेअर अँड टेअर’ म्हणून हात वर केले. शेवटी मल्हारगंजातल्या एका मोच्याकडे गेलो. त्याने असली वस्तू आधी पाहिली नव्हती. दहा मिनिटं नुसता उलटापालटा करत राहिला, जुनी लेस कुठून शिरते, कुठे गाठ मारून परत येते, ते बोटाने माग काढत. मग कच्च्या चामड्याची पट्टी रापीने सारख्या रुंदीची कापली, टोक तिरकं केलं, आणि आरीने एकेका भोकातून ओढून घेतली. प्रत्येक वेढ्याला ग्लोव्ह गुडघ्यात दाबून ताण द्यायचा. वर मला म्हणाला, “भिया, ये जाली थोड़ी ढीली रखूँ क्या, गेंद बैठेगी.” बॉल न बघता त्याला पॉकेट कळलं! 1919 साली सेंट लुईस कार्डिनल्स या अमेरिकन संघाच्या बिल डोक या पिचरने (बॅटरकडे बॉल फेकणारा) हीच गोष्ट ग्लोव्ह बनवणाऱ्या रॉलिंग्ज कंपनीला सुचवली होती, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये लेस विणून बॉलला बसायला जागा करायची. त्याच्या आधीचे ग्लोव्ह म्हणजे नुसते भरलेले हातमोजे होते. मोच्याची लेस अजून टिकून आहे.

क्रिकेटच्या मुलांना ग्लोव्ह देऊन काय फरक पडतो? पहिला महिना वाईट जातो. सवयीने दोन्ही हातांची ओंजळ करायला जातात आणि रिकाम्या हाताच्या बोटांवर बॉल बसतो. कमरेच्या वर आला तर ग्लोव्हची बोटं वर, खाली आला तर खाली, एवढं अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण नंतर तीच मुलं क्रिकेटमध्येही वेगळी दिसतात, पायांची हालचाल आणि थ्रो दोन्ही सुधारतात. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाने माइक यंग या अमेरिकन बेसबॉल कोचला फिल्डिंगसाठी उगीच नाही ठेवलं. एक सांगतो, क्रिकेटच्या बॉलने सराव करू नका. बेसबॉल घेरात किंचित मोठा असून 142 ते 149 ग्रॅम भरतो, क्रिकेटचा 156 ते 163. या पातळ पामच्या ग्लोव्हमध्ये तो फरक तळव्याला चांगलाच कळतो.

आणि हातात ग्लोव्ह आला की पोरं फेकायला लागतात, थांबतच नाहीत. क्रिकेटमध्ये ‘फेकतोय’ म्हणून ज्याची बॉलिंग बंद केली, तो आमच्याकडे पिचर आहे आणि भलताच खूश आहे. त्याच्या वडिलांना वाटतं जितकं जास्त फेकेल तितका हात तयार होईल. मी मोजून थांबवतो. अमेरिकेत लिटल लीगमध्ये (मुलांचं बेसबॉल) 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 पिचची, म्हणजे पिचरच्या फेकींची, मर्यादा आहे, आणि 66 किंवा जास्त झाल्या तर चार दिवस सक्तीची विश्रांती. तिथे हा खेळ शतकाहून जास्त मुरलेला, तरी कोवळ्या कोपराला जपतात. मग आपण काय म्हणून रोज फेकायला लावायचं? वडिलांशी यावरून दोनदा वाजलंय. परत वाजेल.

मुलांना यातले मोठे खेळाडू कोण, तर शोहेई ओतानी. 2024 मध्ये एकाच सीझनला 54 होमरन (आपल्या षटकारासारखे) मारले आणि 59 बेस चोरले (पिच पडताना पळून पुढचा बेस गाठला), हे आकडे पुतणीला पाढ्यांपेक्षा पक्के पाठ आहेत. भारतातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघांना 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाने घेतलं होतं, दोघेही भालाफेकवाले, हे सांगितलं की मुलं म्हणतात, “काका, रिंकू सिंग तर केकेआरचा!” तो वेगळा, हे पटवण्यात अर्धा तास जातो.

तर हा ग्लोव्ह परत घेईन का? घेईन. हाच, याच मापाचा, आणि पहिल्याच आठवड्यात मोच्याकडे नेऊन लेस बदलून घेईन. अडीच हजारांच्या आसपास पडला, लेसचे दीडशे वेगळे. मनगटाच्या पट्टीचं वेल्क्रो आता सुटायला लागलंय, त्याला बक्कल बसवायचंय. पाचपैकी चार तारे, पाचवा लेसने खाल्ला.

आता शोध कॅचर्स मिटचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरच्या जाड ग्लोव्हचा. त्याचं माप घेराने धरतात, मोठ्यांचा 32 ते 34 इंची असतो, मुलांचा त्याहून लहान, आणि मुलांचाच मिळत नाहीये. सध्या आमचा कॅचर साध्या ग्लोव्हमध्ये आत स्पंज घालून बसतो, म्हणून पिचरला जोर लावू देत नाही. इंदुरात किंवा देवास-उज्जैनकडे कुणाकडे जुना, लेस तुटलेला पडून असेल तरी चालेल. लेसचं बघता येईल.